नव्वद मिनिटांची कॅसेट: मागे राहिलेली रॉक आणि सोल गाणी

घाटपायथा (धागाकर्ता)

दादाच्या गाडीला बावीस वर्षं झाली. डावीकडची काच खाली जात नाही, हॉर्न पावसाळ्यात आपोआप वाजतो, पण आतला कॅसेट प्लेअर ठणठणीत आहे. त्याच्याकडे कॅसेटी मात्र दोनच उरल्यात. एक गणपतीच्या आरत्यांची आणि दुसरी कुणाच्या तरी लग्नात अहेरात आलेली. म्हणून गेल्या महिन्यात माळ्यावरचा डेक उतरवला, बेल्ट बदलून घेतला आणि ट्रंकेत एक न फोडलेली टीडीके डी-९० सापडली तेव्हा ठरवलं, त्याला एक कॅसेट भरून द्यायची.

नियम एकच. गाणं मागे पडलेलं हवं. वाईट होतं म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणी तेच गाऊन नाव कमावलं म्हणून, किंवा कंपनीने माल दुकानात पोचवलाच नाही म्हणून, किंवा गाणाराच कुठे नाहीसा झाला म्हणून.

हे खूळ कुठून आलं ते सांगतो. १९९२ साली मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा कॅसेटच्या दुकानात यादी दिली की दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. मी दिलेल्या यादीत सगळी ठळक नावं होती. यादी संपून बी बाजूला दोनेक मिनिटं उरली, तर त्याने आपल्या मनाने एक गाणं टाकून दिलं. पैसे घेतले नाहीत, कव्हरवर नावही लिहिलं नाही. संथ, अंधारातलं काहीतरी, आणि गाणारा ऐन भरात असताना खटका पडून कॅसेट संपायची. ते गाणं कसं संपतं हे मला पुढची कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

नंतर कळलं की ते 'द कमिटमेंट्स' या १९९१ च्या सिनेमातलं होतं, आणि त्याच्याही मागे एक मूळ होतं: जेम्स कारचं 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. मेम्फिसची गोल्डवॅक्स नावाची छोटी कंपनी, साल १९६७. चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं. डॅन पेन आणि चिप्स मोमन या दोघांनी नॅशव्हिलला पत्ते खेळताना मध्ये उठून अर्ध्या तासात लिहिलं म्हणतात. सुरुवातीला ती थरथरणारी गिटार येते, आणि मग कार गायला लागतो, पकडला गेलेला माणूस कबुली देतो तसा. त्यानंतर हे गाणं पुष्कळांनी गायलं. कारला मानसिक आजाराने ग्रासलं, २००१ साली तो गेला. मोठं नाव कधी झालंच नाही.

तर हे गाणं बी बाजूचं शेवटचं. ते नक्की. त्याच्या आधीचं अजून हलतंय.

ए बाजू साधारण अशी: ग्लोरिया जोन्स 'टेंटेड लव्ह', आर्थर अलेक्झांडर 'ॲना', अर्मा थॉमस 'टाइम इज ऑन माय साइड', लव्ह या बँडचं 'अलोन अगेन ऑर', हॉवर्ड टेट 'गेट इट व्हाइल यू कॅन', ॲन पीबल्स 'आय कान्ट स्टँड द रेन'. अजून जागा आहे.

बी बाजू: बेबी ह्यूई 'हार्ड टाइम्स', शुगी ओटिस 'स्ट्रॉबेरी लेटर २३', टेरी कॅलिअर 'डान्सिंग गर्ल', ख्रिस बेल 'आय ॲम द कॉसमॉस', अशीच आणखी काही, आणि शेवटी जेम्स कार.

भर घाला, भांडा, काहीही करा. दादाला इंग्रजी गाण्यांचं फार काही नाही, पण त्याचा कान चांगला आहे.

---

टिपरी

मस्त धागा! पण 'टेंटेड लव्ह' मागे पडलेलं? आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा वाजतं की ते.

---

घाटपायथा

लिफ्टमध्ये वाजतं ते सॉफ्ट सेलचं, १९८१ चं. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं होतं. ग्लोरिया जोन्सने ते १९६५ साली काढलं आणि तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे उत्तर इंग्लंडच्या डान्स क्लबांमध्ये, जिथे अमेरिकेत आपटलेल्या सोलच्या (म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या, चर्चच्या गाण्यातून आलेल्या संगीताच्या) रेकॉर्डी शोधून शोधून वाजवायचे, तिथे ते उचललं गेलं. विगन कसिनो वगैरे मंडळी. गिरणी-कारखान्यातली पोरं आठवडाभर राबून शनिवारी रात्रभर नाचायची, आणि जी रेकॉर्ड कुणाकडेच नाही तिला जास्त भाव. सॉफ्ट सेलपर्यंत गाणं पोचलं ते याच वाटेने.

सॉफ्ट सेलचं थंड आहे, मशीनवरचं. जोन्सबाई दार आपटून निघाल्यासारख्या गातात. एकदा लागोपाठ ऐका.

---

टिपरी

ऐकलं. माघार.

---

गावठी_गिटार

आर्थर अलेक्झांडरचं नाव बघून बरं वाटलं. बीटल्सनी पहिल्याच एलपीत 'ॲना' घेतलं, १९६३. रोलिंग स्टोन्सनी त्याचं 'यू बेटर मूव्ह ऑन' घेतलं. बॉब डिलननेही त्याचं एक गाणं गायलंय. तिघांनाही ज्याची गाणी घ्यावीशी वाटली तो माणूस पुढे बस चालवत होता. १९९३ मध्ये पुन्हा रेकॉर्ड काढली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेला.

'ॲना'मध्ये मला आवडतं ते म्हणजे तो चिडत नाही. ती दुसऱ्याकडे चाललीय आणि हा म्हणतो, जा बाई. बीटल्सचा जॉन लेनन गातो तेव्हा घसा फाटतो. अलेक्झांडर नुसतं सांगतो. मला तरी अलेक्झांडरचं जास्त लागतं. यावर घरी वाद झालेत.

अर्मा थॉमसचं तर आणखी वाईट. 'टाइम इज ऑन माय साइड' तिने १९६४ साली गायलं, त्याच वर्षी स्टोन्सनी उचललं आणि अमेरिकेत त्यांचं पहिलं टॉप टेन गाणं झालं. मग लोक तिलाच म्हणायला लागले, अरे वा, तुम्ही स्टोन्सचं गाणं म्हणता! तिने वैतागून कित्येक वर्षं ते म्हणणंच सोडलं.

---

शून्य_ठेका

पण खरं सांगायचं तर ते मूळ अर्माचंही नाही ना? तिच्या आदल्या वर्षी काई विंडिंग नावाच्या ट्रॉम्बोनवाल्याने ते काढलं होतं. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. तेव्हा 'मूळ' म्हणून छाती बडवण्यात अर्थ नाही.

---

गावठी_गिटार

मान्य. पण गाणं म्हणून ते पहिल्यांदा उभं राहिलं ते अर्माच्या गळ्यात. सांगाड्याला मूळ म्हणायचं की अंगात जीव आला त्याला?

---

शून्य_ठेका

हा प्रश्न नाट्यसंगीताच्या धाग्यावर विचारू नका, तीनशे प्रतिसाद होतील.

---

पानशेत

वाचतेय. ॲन पीबल्सबद्दल कुणीतरी लिहा ना. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते पत्र्याच्या शेडखाली, भोरजवळ, जुलैत. मैत्रिणीने फोनवर लावलं आणि पहिले काही सेकंद मला कळेचना की टपटप फोनमधून येतंय की वरून.

---

मेम्फिसात_मुक्काम

पानशेत, मी लिहिते. नोकरीमुळे सहा वर्षं मेम्फिसला होते, आता शार्लटला.

ती टपटप म्हणजे इलेक्ट्रिक टिंबाली, एक प्रकारचे ड्रम. तेव्हा नवीन वाद्य होतं, निर्माता विली मिचेल. गाणं झालं ते असं की १९७३ साली एका संध्याकाळी ॲन पीबल्स, तिचा सहकारी डॉन ब्रायंट आणि बर्नार्ड मिलर हा रेडिओवाला असे एका कार्यक्रमाला निघाले होते. बाहेर धो धो पाऊस सुरू झाला. ती वैतागून म्हणाली, मला हा पाऊस सहन होत नाही. ब्रायंट पियानोपाशी बसला आणि त्या रात्री कार्यक्रम राहिला बाजूला, गाणं तयार झालं. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. जॉन लेननने तर या गाण्याला आजवरचं सगळ्यात भारी गाणं म्हटलं होतं.

पण टीना टर्नरचं जास्त लोकांना माहीत आहे, आणि आमच्या पोरांच्या पिढीला रॅपर मिसी एलियटचं, जिने १९९७ मध्ये हाच तुकडा उचलला.

हे गाणं जिथे रेकॉर्ड झालं तो मेम्फिसचा रॉयल स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर. जमीन पडद्याकडे उतरती आहे, ती तशीच ठेवलेली. स्टॅक्स या तिथल्याच सोल रेकॉर्ड कंपनीचंही तसंच होतं, तेही थिएटरच. स्टॅक्सची इमारत १९८९ मध्ये पाडली. तिथेच नंतर म्युझियम बांधलं, २००३ मध्ये उघडलं, आणि त्यात तो उतार मुद्दाम पुन्हा केलाय. मी चप्पल घालून गेले होते आणि त्या उतारावर उभी राहिल्यावर पोटऱ्यांना जाणवतं. गाणाऱ्यांनी तासन् तास असं तिरकं उभं राहून म्हटलंय. आपण हेडफोनमध्ये ऐकतो तेव्हा हे कुठे कळतं.

---

पानशेत

अहाहा. पोटऱ्यांचं वाचून अंगावर काटा आला. थँक्यू ताई.

---

बोरीचा_ओढा

सोल म्हणजे चर्चमधून आलेलं गाणं. एक जण ओळ टाकतो, मागचे झेलतात. आपल्याकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी, तमाशात झीलकरी. मूळ भाव एकच आहे असं मला वाटतं. हॉवर्ड टेट ऐकताना आमच्या गावचे एक बुवा आठवतात, वरच्या पट्टीत जाऊन आवाज असा मोडायचे की बाया डोळे पुसायच्या.

---

शून्य_ठेका

प्रत्येक गोष्ट वारीला नेऊन बांधू नका राव. गॉस्पेलमागे, म्हणजे त्या चर्चच्या गाण्यामागे, गुलामगिरी आहे, कापसाची शेतं आहेत. त्याचं वजन वेगळं.

---

बोरीचा_ओढा

वजन वेगळंच आहे, मी कुठे एक म्हटलं? आवाज मोडायची जागा सारखी आहे म्हटलं. बुवा स्वतः गुत्तेदाराच्या हाताखाली ऊसतोडीला जायचे, ते जाऊ दे.

बाकी टेटची गोष्ट लिहितो. 'गेट इट व्हाइल यू कॅन' त्याने रॉक गायिका जेनिस जॉप्लिनच्या आधी गायलं. तिचं गाजलं, १९७१ च्या 'पर्ल'वर, तिच्या मृत्यूनंतर. टेट पुढे असा गायब झाला की जुन्या ओळखीच्यांनी तो मेला असं धरलं होतं. व्यसनात गेला, बाहेर आला, पाद्री झाला. २००१ साली न्यू जर्सीत सापडला. दोन वर्षांनी नवी रेकॉर्ड काढली, नाव 'रीडिस्कव्हर्ड'. आवाज तसाच वर जात होता.

---

शून्य_ठेका

बुवांचं ऐकून गप्प बसतो. टेट लावला आहे.

---

कंसातला_मी

अवांतर: टेरी कॅलिअरवर सगळ्या आयटीवाल्यांनी एक मिनिट उभं राहायला हवं. शिकागोचा माणूस, सोल गायक कर्टिस मेफील्डचा बालमित्र, १९७० च्या दशकात एकाहून एक रेकॉर्डी. विकल्या गेल्या नाहीत. १९८३ मध्ये मुलगी त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा याने गाणं सोडलं, प्रोग्रॅमिंग शिकला आणि शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या डीजेंनी जुन्या रेकॉर्डी शोधून काढल्या, तर हा रजा टाकून लंडनला गायला जायचा आणि परत येऊन कामाला बसायचा. ऑफिसात पत्ता नाही!

आमच्याकडे एक जण रजा टाकून लावणीचं निवेदन करायला जातो, त्याची आठवण झाली.

'डान्सिंग गर्ल' नऊ मिनिटांचं आहे. सुरुवातीला नुसती गिटार आणि गळा, मग चार्ल्स स्टेपनीची तंतुवाद्यं हळूहळू चढत जातात, मध्ये अचानक नाइट क्लबचा ठेका येतो आणि पुन्हा उतरून येतो. गाडीत लावायला मात्र कठीण. घाटात सिग्नल गेल्यासारखं वाटेल लोकांना.

---

घाटपायथा

घाटासाठीच ठेवलंय. कात्रजचा जुना घाट चढायला तेवढा वेळ लागतोच.

बी बाजूवर मेम्फिस आणि शिकागो असे दोन्हीकडचे लोक आहेत. बेबी ह्यूई शिकागोचा. खरं नाव जेम्स रेमी, अगडबंब देह, १९७० च्या ऑक्टोबरमध्ये सव्विसाव्या वर्षी हॉटेलच्या खोलीत गेला. एकुलती एक रेकॉर्ड त्याच्यानंतर १९७१ मध्ये आली, कर्टिस मेफील्डच्याच कंपनीतून. 'हार्ड टाइम्स' मेफील्डनेच लिहिलेलं. त्यातल्या पितळी वाद्यांचा तो पहिला तडाखा हिपहॉपवाल्यांनी इतक्यांदा उचललाय की मूळ ऐकताना वाटतं, हे आपण कुठेतरी ऐकलंय.

शुगी ओटिसचं 'स्ट्रॉबेरी लेटर २३' १९७१ चं. सहा वर्षांनी ब्रदर्स जॉन्सन या बँडने निर्माता क्विन्सी जोन्सच्या हाताखाली केलं आणि तुफान चाललं. शुगीचं मात्र घरात बसून केल्यासारखं आहे. मला घरातलं आवडतं.

---

गावठी_गिटार

आणि रॉक कुठाय? सगळीकडे सोलच. ख्रिस बेल घेतला, मग त्याचा बँड का नाही? बिग स्टारचं 'सप्टेंबर गर्ल्स' हवंच हवं. गर्ल्सचं स्पेलिंग त्यांनी मुद्दाम चुकवलंय. १९७४. पावणेतीन मिनिटांत एवढी गिटार, एवढा गळा, एवढी हुरहुर.

आणि दुर्दैव तर असलं की विचारू नका. त्यांचा गायक अलेक्स चिल्टन सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडमध्ये 'द लेटर' गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेला. मग ख्रिस बेलबरोबर हा बँड. बँडचं नाव स्टुडिओसमोरच्या किराणा सुपरमार्केटवरून घेतलं. पहिल्या रेकॉर्डचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'! समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण वितरण स्टॅक्सकडे, आणि स्टॅक्सचा कोलंबिया या बड्या कंपनीशी झालेला करार विस्कटला. माल दुकानातच नाही. लोक विचारायचे, दुकानदार म्हणायचा नाही. बेल वैतागून बाहेर पडला. १९७८ मध्ये त्याचं 'आय ॲम द कॉसमॉस' एका चिमुकल्या कंपनीने काढलं आणि त्याच डिसेंबरात गाडीच्या अपघातात गेला. सत्तावीस वर्षांचा.

---

मेम्फिसात_मुक्काम

हेच मला तिथे राहून कळलं. ज्या स्टॅक्समधून आयझॅक हेजसारखा सोल गायक निघाला त्याच कंपनीच्या छत्राखाली ही गोरी पोरं इंग्लंडच्या बँडांसारखं वाजवत होती. शहर एक, कंपनी एक, आणि बुडाले तेही एकत्रच. १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्सला टाळं लागलं.

---

टिपरी

लव्हचं 'अलोन अगेन ऑर' आज ऐकलं. १९६७ मध्ये रॉक बँडचा पुढारी कृष्णवर्णीय आणि मध्येच मेक्सिकन ट्रम्पेट, हे काय आहे काय!! चार वेळा लावलं. आई म्हणाली, कुणाचं लग्न आहे?

---

घाटपायथा

आर्थर ली पुढारी, पण गाणं ब्रायन मॅक्लीनचं. गंमत म्हणजे मिक्सिंगमध्ये मॅक्लीनचाच आवाज मागे आणि लीची साथ पुढे आलीय. स्वतःच्या गाण्यात मागे राहिलेला माणूस. म्हणजे नियमात दुहेरी बसतं.

---

पानशेत

आपल्याकडचं कुणी नाही का यात? ओढूनताणून नको, पण असेल तर.

---

कंसातला_मी

आहे की. आशा पुथली. मुंबईत जन्मलेली, शास्त्रीय संगीत शिकलेली, न्यूयॉर्कला गेली. जॅझ सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन याच्या 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डवर गायली, १९७२ ची. जॅझमधले लोक अजून त्या दोन गाण्यांबद्दल बोलतात. मग १९७६ मध्ये 'द डेव्हिल इज लूज', त्यात 'स्पेस टॉक'. न्यूयॉर्कच्या डान्स क्लबांत ते वाजलं, पुढे रॅपर नोटोरियस बीआयजीने उचललं. मुंबईत तिचं नाव विचारा, दहातले नऊ जण म्हणतील कोणत्या आशा?

---

गावठी_गिटार

आणि नंदू भेंडे! आत्माराम भेंड्यांचा मुलगा, सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गायचा, 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीत नाटक केलं, आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठीत तोच गळा लावला. रॉकचा गळा मराठी शब्दांवर इतका सहज बसलेला मी पुन्हा ऐकला नाही.

---

घाटपायथा

'स्पेस टॉक' ए बाजूला, पीबल्सच्या आधी. पावसाआधी थोडं आभाळ. नंदू भेंडे दादाला माहीत आहेत, त्यामुळे नियमात बसत नाहीत, पण ए बाजूच्या शेवटी जागा काढतो. नियम माझाच आहे.

आता अडचण. 'सप्टेंबर गर्ल्स' बी बाजूला घातलं तर कारला सव्वादोन मिनिटं उरतात. गाणं अडीच मिनिटांचं. म्हणजे १९९२ सारखंच, ऐन भरात खटका.

---

टिपरी

मग तसंच ठेवा ना! भारी वाटेल. दादा शोधत बसतील पुढची तीस वर्षं.

---

मेम्फिसात_मुक्काम

अजिबात नाही. त्या माणसाच्या वाट्याला आधीच कमी आलंय, त्याचं गाणं तरी कापू नका.

---

शून्य_ठेका

नव्वदच्या कॅसेटमध्ये दर बाजूला पंचेचाळीसपेक्षा थोडी जास्त टेप असते. मिनिटभर तरी. आम्ही हॉस्टेलवर याच भरवशावर भरायचो. आधी कोरी चालवून घड्याळ लावून बघा. आणि सुरुवातीचा पांढरा पट्टा पेन्सिलने पुढे घेऊन मगच रेकॉर्ड दाबा, नाहीतर पहिला ठोका जाईल.

---

घाटपायथा

शून्य_ठेका, तुम्हाला चहा लागू. कोरी चालवली: ४६ मिनिटं १० सेकंद.

काल रात्री सगळं भरलं. 'डान्सिंग गर्ल'च्या वेळी शेजारच्यांनी भिंत ठोकली, ती रेकॉर्डिंगमध्ये आली नाही. साडेअकराला कार सुरू झाला. मी डेकसमोर उकिडवा बसलो होतो, खिडकीतून चाकं बघत. डावं चाक जवळजवळ रिकामं. गाणं हळूहळू विरत गेलं, पूर्ण विरलं, नंतर बराच वेळ नुसती खरखर आणि मग खटका.

कव्हरवर सगळ्यांची नावं लिहिली. बॉलपेनने, देवनागरीत.

---

पानशेत

दादांनी ऐकली का?

---

घाटपायथा

आज सकाळी फोन आला. म्हणाला, ते पावसाचं बाईचं आहे ते परत कसं लावायचं? म्हटलं रिवाइंड दाब. म्हणाला ते बटण कधीच तुटलंय. डॅशबोर्डात पेन्सिल ठेवायला सांगितलीय.